परक्याची खोळ

रविवारी दुकान झाडायला घेतलं की केरात सगळ्यात जास्त काय निघतं, सांगू? टूथब्रशच्या दांड्या. लाल, हिरव्या, पारदर्शक. करवतीने कापलेल्या, टोकाशी कुरतडल्यासारख्या, आणि त्यांच्यावर सुकलेली टूथपेस्ट. त्याखालोखाल शर्टांच्या गळ्यातली लेबलं, पट्ट्यांची टोकं, नकाशांचे कापलेले समास. एकदा तर एका भल्या माणसाने इथेच बाकावर बसून पायाची नखं काढली होती. "तेवढंच वजन कमी, आत्या," असं म्हणून तो हसला, आणि बाकीचेही हसले. मी ती नखं सुपलीत भरली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमचं दुकान मूळचं छत्र्यांचं. आठ पाकळ्या कापायच्या, जोडायच्या, काड्यांवर ताणायच्या, टोकाला टाका घालायचा. हे काम मी चौदाव्या वर्षापासून केलं. आता छत्र्या होत नाहीत. आता सहा मशीनवर डोंगरात न्यायच्या सॅक शिवल्या जातात, इतक्या हलक्या की पंखा जोरात लावला तर टेबलावरून उडतात. आणि दर रविवारी त्या पाठीवर घालणारे लोक वजन करायला येतात. दुकानाच्या तुळईला काटा टांगलेला आहे. पूर्वी त्यावर काड्यांचे जुडगे तोलायचो. आता त्याच्या आकड्याला भरलेली सॅक अडकवतात आणि शेजारच्या फळ्यावर खडूने ग्रॅम लिहितात. ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याचं नाव आठवडाभर वर.

माझ्याकडे शिवायला चार बायका आहेत. त्या या लोकांना 'पिसं' म्हणतात. "पिसं आली गं," अशी हाक आली की मशीनवरची बाई ओढणीचा पदर नाकाला लावते. कारण सहा दिवस एकच आतला कपडा घालून डोंगर उतरल्याचं ज्याला भूषण वाटतं, त्याच्याजवळ उभं राहणं सोपं नाही.

आणि त्यांचा नियम ऐका. जे अंगावर आहे ते वजनात नाही, आणि जे पोटात आहे तेही नाही. म्हणून येताना दोन विजारी एकावर एक, खिशात चाकू, दोरी, बॅटरी, चार्जर, सगळं कोंबलेलं. काट्याखाली उभं राहून एक लिटर पाणी गटागट पितात, बाटली रिकामी करून अडकवतात. एकाने दोन दिवसांची बिस्किटं माझ्यासमोर तोंडात कोंबली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि नजर काट्यावर.

"अरे, गिळ तरी," मी म्हटलं.

तोंडातून चुरा सांडत तो म्हणाला, "तीनशे ग्रॅम वाचले, आत्या."

देवाने माणसाला पाठ दिली ती कशासाठी, असा प्रश्न मला अशा वेळी पडतो. पण दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी मला माझं सांगितलं पाहिजे. कारण हे सगळं माझ्या या दोन हातांनी सुरू झालं, आणि बिघडलं तेही याच हातांनी.

माझा मोठा भाऊ, दादा, शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टी लागली की डोंगर. घरात असला तरी खिडकीतून डोंगर दिसेल अशी खुर्ची. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाठीवर पाच किलोच्या वर काही घ्यायचं नाही. त्याची जुनी जाडजूड कापडाची सॅक रिकामीच साडेतीन किलो भरायची. तो दुकानात स्टुलावर येऊन बसला.

"म्हणजे मी दीड किलो सामान घेऊन डोंगर चढायचा," तो म्हणाला. "त्यापेक्षा खुर्चीच बरी."

मी काळ्या छत्रीचं कापड टेबलावर पसरलं. "हे उचलून बघ."

त्याने उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मला शिवता येत होत्या त्या छत्रीच्या पाकळ्या, म्हणून मी सॅकही तशीच बेतली: आठ पाकळ्या, खाली गोल तळ, तोंडाला दोरी. काट्याला लावली तर तीनशे दहा ग्रॅम. दादा त्या काट्याकडे असा बघत राहिला जसं कुणी पत्र वाचावं.

मग तो घरातली एकेक वस्तू आणून तोलू लागला. चमचा तोलला, साबण तोलला. वाचायचं पुस्तक तोललं आणि त्यातली चाळीस पानंच बरोबर नेली. टूथब्रश त्याने कापला नाही. तो घरीच ठेवला. "बोट आहे की," म्हणाला.

सॅक शिवून झाल्यावर टेबलावर एक छत्रीची खोळ उरली होती, ती घडीची छत्री घालतात तशी. दादाने ती उचलली आणि सॅकच्या तळाशी धरली. "ही इथे शिव."

"कशाला? त्यात काय ठेवणार?"

"जे माझं नाही ते."

त्या खोळीत त्याने एक लोकरीची टोपी, एक मोज्यांचा जोड, माणूस गुंडाळता येईल एवढा पातळ प्लास्टिकचा कागद, काडेपेटी आणि साखरेच्या वड्या ठेवल्या. सगळं मिळून एकशे चोपन्न ग्रॅम. नियम असा की स्वतःला कितीही थंडी वाजली तरी खोळ उघडायची नाही. ती वाटेत भेटणाऱ्या परक्याची.

"डॉक्टरांनी तुला हलकं व्हायला सांगितलंय आणि तू दुसऱ्याचं ओझं घेऊन निघालास," मी म्हटलं.

"उलट आहे बाई. मी जेवढं कमी नेतो तेवढी माझी भिस्त दुसऱ्यावर. मग दुसऱ्याचीही थोडी माझ्यावर असू दे."

शाळेत शिकवून शिकवून त्याला असं सोपं बोलायची सवय होती. मी मशीनवर हळू आवाजात देवाचं काहीतरी गुणगुणत होते, ते थांबवून मी ती खोळ दुहेरी टीप घालून बसवली.

पुढच्या वर्षी पोस्टमन आला, मला अशीच शिवून द्या म्हणाला. मग एक नर्स, मग तिच्या दोन बहिणी. दादाने सामानाची यादी एका पानावर लिहून दिली, तिच्या प्रती निघाल्या. लोक रविवारी दुकानात जमायला लागले. फळा तेव्हाच लागला भिंतीवर, पण त्यावर ग्रॅम नव्हते. डोंगरातून जो रिकामी खोळ घेऊन परत येईल त्याचं नाव लिहायचं, आणि पुढे कुणाला काय दिलं ते. 'पोस्टमन: लाकूडतोड्याला मोजे.' 'नर्स: वाट चुकलेल्या नवराबायकोला साखर आणि कागद, टोपी परत मिळाली.' मी चहा करून आणायची आणि ते वाचायची. सांगते, देवळात गेल्यासारखं वाटायचं.

दादाला एकच मुलगा. सातव्या महिन्यात जन्मला, पावणेदोन किलोचा, म्हणून घरात त्याला सगळे 'तोळा' म्हणायचे, आणि चाळिशी आली तरी तोळाच राहिला. त्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा तो माझ्याच मशीनखाली खेळून मोठा झाला. पोरगं हुशार. त्याने आमच्या सॅकचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि वर्षभरात मागणी इतकी वाढली की छत्र्या बंद कराव्या लागल्या. नवीन कापड आलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. नवीन धागा आला. तीनशे दहाचे दोनशे तीस झाले. आणि नवीन गिऱ्हाईक आलं, ज्याच्या पाठीला काही झालं नव्हतं, ज्याला डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं, आणि ज्याच्या तोंडी ग्रॅमशिवाय दुसरा विषय नव्हता. फळ्यावरची वाक्यं कधी पुसली गेली आणि आकडे कधी आले ते मला आठवत नाही. मीच पुसली असणार. फळा पुसायचं काम माझंच.

मग दुसऱ्या एका कारखान्याने दोनशे दहा ग्रॅमची सॅक काढली.

तोळा एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात आमची सॅक, तळ वर केलेली.

"आत्या, ही खोळ अडतीस ग्रॅमची आहे. रिकामी."

"मग?"

"लोक ती भरतच नाहीत. मी बघितलंय. त्यात चार्जरची वायर ठेवतात. काढली तर आपण एकशे ब्याण्णव. दोनशेच्या खाली कुणीच नाहीये अजून."

"दादाला विचारलंस?"

"तू आधी काढून तर बघ. शिवलीस तू, तुझ्याइतकी स्वच्छ कुणाला काढता यायची नाही."

आता इथे मी खोटं बोलणार नाही. मला त्याचं ते बोलणं आवडलं. मी धागे तोडायची छोटी कात्री घेतली आणि चार मिनिटांत माझीच दुहेरी टीप उसवली. कापडाला कुठे भोकही राहिलं नाही. तोळ्याने सॅक काट्याला लावली. एकशे ब्याण्णव. चारही बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, त्रेसष्ट वर्षांची बाई, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसले. कापलेली खोळ केरात गेली. दांड्यांबरोबर.

दादाला आम्ही दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. महिन्याभराने त्याने दुकानात एक नवी सॅक उचलली, तळावरून हात फिरवला, आणि "शिलाई चांगली झालीय," एवढंच म्हणून ठेवून दिली. त्याची स्वतःची जुनी काळी सॅक, खोळीसकट, तशीच होती. तीच घेऊन तो जायचा.

दोन वर्षांनी, एकाहत्तराव्या वर्षी, तो एकटाच खिंडीकडे गेला. थंडीचे दिवस. खिंडीच्या अलीकडे त्याला एक तरुण जोडपं भेटलं, ओढ्यात पडून भिजलेलं, बाईचे दात वाजत होते. दादाने खोळ उघडली, टोपी दिली, मोजे दिले, कागदात तिला गुंडाळून दिलं, साखर दिली, आणि त्यांना खालच्या वाटेला लावलं. मग तासाभराने खिंडीत त्याचा स्वतःचा पाय दगडात अडकून मुरगळला. घोटा मोडला होता. तो एका खडकाच्या आडोशाला बसून राहिला. वारा सुरू झाला.

त्या दुपारी खिंडीतून तीन टोळ्या गेल्या. अकरा माणसं. अकराही जणांच्या पाठीवर आमच्या सॅक.

आणि ते थांबले, हं. न बघता गेले असं मी म्हणणार नाही. थांबले, वाकले, ओळखलं. "सर, तुम्ही? आम्ही तुमच्या यादीवरूनच सुरुवात केली." दादाने विचारलं, अंगावर घ्यायला काही जास्तीचं आहे का. अकरा जणांत एक जास्तीचा मोजा नव्हता. एक मुलगा फार वाईट वाटून म्हणाला, "सर, माझं जॅकेट दिलं तर मी स्वतःच गारठेन, मी अगदी मोजून घेतलंय." दुसऱ्याने अर्धं बिस्किट दिलं. तिसऱ्याने वाऱ्यापासून बचाव कसा करायचा ते दादालाच समजावून सांगितलं. मग सगळे म्हणाले, आम्ही हलके आहोत, झपाझप खाली जाऊन माणसं पाठवतो. तेही खरं केलं त्यांनी, माणसं पाठवली. ती पाच तासांनी पोचली.

पण जाण्याआधी दोघांनी फोटो काढले. त्यांतला एक मी पाहिला, एका बाईने मशीनवरून फोन माझ्यापुढे धरला तेव्हा. दादा खडकाला टेकून बसलाय, ओठ राखेच्या रंगाचे, तरी पाहुण्यांसमोर हसावं तसा हसतोय. शेजारी एक दाढीवाला तरुण अंगठा वर करून. खाली लिहिलेलं, 'हलक्या वाटेच्या गुरूंचं दर्शन.' त्यांच्या मागे आणखी एकजण पाठमोरा उभा आहे. त्याच्या सॅकचा तळ दिसतोय. सपाट, स्वच्छ, कुठे भोक नाही.

मला माझ्या हातांचीच शिसारी आली. मी ते दोनदा साबणाने धुतले. त्याने काय होणार होतं.

हॉस्पिटलमध्ये दादाच्या डाव्या पायाची चार बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर त्याने पांघरूण वर करून पाय बघितला आणि मला म्हणाला, "चाळीस ग्रॅम तरी कमी झाले असतील, नाही?"

"गप रे."

"मी त्या पोरांवर रागावलो नाही. नसलेलं कुठून देणार ती?" त्याने पांघरूण परत पायावर ओढलं. "पण खोळ तोळ्यानं काढली. मला विचारायचं तरी होतं. मी त्याचा बाप आहे, गिऱ्हाईक नाही."

मी सफरचंद सोलत होते. सोलतच राहिले. साल हातभर लांब झाली.

बाहेर जाळीच्या दाराशी तोळा उभा होता. त्याने ऐकलं होतं. मी बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "सांगू नकोस, आत्या."

"अरे, पण कापली मी."

"मी कापायला लावली. आणि बाबा तुझ्यावरही रागावले तर त्यांच्याकडे कोण बसणार? असू दे माझ्यावर."

त्या दिवसापासून दादा मुलाशी बोलेनासा झाला. घर एकच, जेवणाचं टेबल एकच. "त्याला सांग, मीठ सरकव," असं माझ्याकडे बघून म्हणायचा. तोळा मीठ सरकवायचा. पाच महिने मी त्या दोघांच्या मधे बसून जेवले.

अशात तोळ्याने नवीन सॅक काढायचं ठरवलं. एकशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, आणि नाव 'दादा'. त्याला वाटलं, बाप विरघळेल. पोराच्या मनात वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण धंद्यात राहून राहून त्याला प्रेमसुद्धा जाहिरातीतूनच सुचायला लागलं होतं.

दादाने माझ्याचकडे बघून उत्तर दिलं. "त्याला सांग, खोळ नसेल तर माझं नाव नको."

"खोळ लावली तर दोनशे पंचवीसच्या वर जाते," तोळा माझ्याकडे बघून म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत," दादा माझ्याकडे बघून म्हणाला.

मी मीठ सरकवलं.

नव्या सॅकच्या समारंभाच्या चार दिवस आधी तोळा मोठं पोस्टर घेऊन दुकानात आला. हॉस्पिटलमधल्या दादाचा नव्हे, खिंडीतला तोच फोटो, दाढीवाला कापून टाकलेला. राखेच्या ओठांचा माझा भाऊ, पुरुषभर उंच. खाली अक्षरं: 'त्यांनी डोंगरावर चार बोटं ठेवली, पण एक ग्रॅम जास्त नेला नाही.'

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"जाहिरातवाल्यांनी. मी त्यांना बाबांचा तो चाळीस ग्रॅमचा विनोद सांगितला होता." त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "वाईट आहे का? त्यांचंच बोलणं आहे, आत्या."

मी मोरीत गेले आणि दुपारचं सगळं बाहेर पडलं. चूळ भरून आले तेव्हा तो तिथेच उभा होता, पोस्टर गुंडाळत.

"एकशे चोपन्न ग्रॅम जास्त नेले होते त्याने," मी म्हटलं. "आणि जे नेले ते देऊन टाकले म्हणून बोटं गेली. तुला माहीत आहे. तरी तू हे लावणार?"

गुंडाळलेलं पोस्टर त्याने काखेत मारलं. मग म्हणाला, "नमुन्याची सॅक तूच शिव. स्टेजवर काट्याला तूच लाव. लोकांना तेच बघायचंय."

"शिवते," मी म्हटलं.

मी चार दिवस ती सॅक शिवली. आणि जुन्या पेटाऱ्यातून एक छत्रीची खोळ शोधून काढली, काळीच, थोडी विटलेली.

समारंभाला दोनेकशे माणसं होती. सभागृहात घामाचा आणि कॉफीचा वास मिसळलेला. दादा येत नव्हता. मी त्याला म्हटलं, "माझ्यासाठी चल, मला तुला काही ऐकवायचंय आणि घरी माझी जीभ उचलत नाही." तो काठी घेऊन, एका पायात खास शिवलेला बूट घालून, पहिल्या रांगेत कडेला बसला. पोस्टरकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान फिरवली.

तोळ्याने भाषण केलं, मला वर बोलावलं. मागे पडद्यावर काट्याचे आकडे मोठे दिसत होते. शून्य. मी सॅक आकड्याला अडकवली.

तीनशे ऐंशी.

आधी कुजबुज, मग हसू. तोळा माइकवर म्हणाला, "काटा शून्यावर नव्हता बहुतेक."

"शून्यावरच होता," मी म्हटलं. "हिला खोळ आहे. आत टोपी, मोजे, कागद, काडेपेटी, साखर. पहिली सॅक अशीच होती. ती ज्याने वापरली तो समोर बसलाय. त्याने खोळ दुसऱ्याला दिली आणि नंतर अकरा जण त्याच्यासमोरून गेले, कुणाकडेच खोळ नव्हती. कारण ती मी कापली होती. तोळ्याने सुचवलं, पण त्याने कात्रीला हात लावला नाही. कापली मी, चार मिनिटांत, आणि वर हसले. माझ्या पुतण्याने हे माझ्यासाठी झाकून ठेवलंय आणि पाच महिने बापाचा अबोला सोसलाय. मला याची आता किळस येते. एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल. तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. दाढी. फोटोतलीच असावी, किंवा तसलीच दुसरी.

"एक प्रश्न होता," तो नम्रपणे म्हणाला. "ही खोळ सुटी होते का? म्हणजे चेन किंवा बटणं वगैरे?"

चारपाच जण माना हलवत पुढे सरकले. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

तोळा माझ्याकडे बघत होता. मग त्याने बापाकडे बघितलं. दादा पायाकडे बघत होता.

"नाही," तोळा म्हणाला. "शिवलेली आहे."

"मग वजन सव्वादोनशे धरायचं की तीनशे ऐंशी?"

"तीनशे ऐंशी."

"पण मग ही हलकी कशी म्हणायची?"

"मग नका म्हणू," तोळा म्हणाला, आणि माइक खाली ठेवला.

खुर्च्या सरकल्या. लोक कॉफीकडे निघाले. पोस्टरखाली उभं राहून दोघंजण तीनशे ऐंशी भागिले काहीतरी करत होते. मी स्टेजवरून उतरून दादाशेजारी बसले.

"तू कापलीस," तो म्हणाला.

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"आणि तुझी चूक त्याने अंगावर घेतली."

"हो."

तोळा स्टेजवरून एकटाच पोस्टर उतरवत होता, मधला गोंद सुटत नव्हता. शेवटी कागद फाटला, राखेचे ओठ भिंतीवरच राहिले, ते त्याने नखाने खरवडून काढले. मग तो आमच्यापाशी आला आणि काय करावं न सुचून उभा राहिला. माझ्याकडे बघत, सवयीप्रमाणे.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "तोळ्या," तो म्हणाला, "हा बूट चावतोय रे. जरा सैल कर."

चाळीस वर्षांचा माणूस जमिनीवर बसला आणि बापाच्या बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ पक्की होती. त्याला दिसत नव्हती म्हणून मी माझा चष्मा दिला.

गोष्ट इथे गोड झाली असं कुणी समजू नये. मागणी निम्म्यावर आली. सहापैकी दोन मशीनवर कापड झाकलेलं असतं. दुसऱ्या कारखान्याने एकशे सत्तर ग्रॅमची काढली आणि आमची पिसं तिकडे उडाली. तरी काही रविवारी येतात. दादा आता फळ्याशी खुर्ची टाकून बसतो, हातात खडू. आकडे त्याने पुसून टाकलेत.

गेल्या रविवारी एक गिऱ्हाईक नवीन 'दादा' घेऊन आलं. सॅक टेबलावर उलटी ठेवली. "आत्या, ही खोळ तेवढी काढून द्या ना. तुमच्यासारखी स्वच्छ कुणाला जमत नाही म्हणे."

मी छोटी कात्री त्याच्यापुढे ठेवली. "तूच काढ."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग तो बाकावर बसला आणि एकेक टाका उसवायला लागला. माझी दुहेरी टीप. वीस मिनिटं लागली. तळाला दोन भोकं पडली. सॅक काट्याला लावून तो खूश झाला आणि फळ्याशी जाऊन उभा राहिला.

दादाने खडू उचलला. "बोल. खोळ कुणाला दिलीस?"

"दिली नाही, सर. काढली."

दादाने खडू खाली ठेवला.

तो गेल्यावर मी झाडायला घेतलं. दांड्या, लेबलं, पट्ट्यांची टोकं, आणि त्यांत ती खोळ. त्याने आत बघितलंही नव्हतं, टोपी, मोजे, साखर, आम्ही भरून दिलेलं सगळं तसंच होतं. मी ती केरातून उचलून झटकली. तिला जुन्या टूथपेस्टचा वास लागला होता. टोपी आणि मोज्यांसकट धुवायला टाकली, आणि सोमवारी सकाळी पुढच्या सॅकला शिवली. या वेळी टीप तिहेरी घातली.